वायुरूप धातू-ऑक्साइड आयन किती घट्ट असतो, हे कागदावर कसं काढायचं

बेळगावच्या पश्चिमेला धातूंच्या ऑक्साइडांची वाण नाही. जांभा दगड लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. खानापूरची कौलं भट्टीतून लाल होऊन निघतात, तीही त्याच कारणाने. आणि इथल्या बॉक्साइटच्या आधारावर बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. अ‍ॅल्युमिना म्हणजे दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा, कशालाही दाद न देणारा पदार्थ. पण अ‍ॅल्युमिनियमचा एकच अणू, ऑक्सिजनचा एकच अणू आणि दोघांत मिळून एक धनभार, असं जोडपं (म्हणजेच एक आयन) निर्वातात एकटं सोडलं तर त्यांच्यातला बंध जेमतेम १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक) भरतो. ऑक्सिजनच्या साध्या रेणूतला बंधसुद्धा ५.१२चा असतो.

हा विरोधाभास कुठून येतो, आणि कुठल्याही धातूसाठी असा आकडा स्वतः कसा काढायचा, हे इथे पायरीपायरीने मांडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला प्रकल्प करणारी मुलं डोळ्यांसमोर आहेत. आयनांचं वस्तुमान मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक आपल्याकडे नाही म्हणून हा विषय सोडून द्यायचं कारण नाही. कागद, एक्सेलचा तक्ता आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं फुकट मिळणारं वेबबुक एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं.

लिहायला सोपं जावं म्हणून धातूला ‘धा’ आणि ऑक्सिजनला ‘ऑ’ म्हणू. धाऑ⁺ म्हणजे मोनॉक्साइडचा धन आयन. बंध ऊर्जेला (बंध तोडायला लागणारी ऊर्जा) ‘ब’, आयनीभवन ऊर्जेला (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ‘आ’ आणि इलेक्ट्रॉन आसक्तीला (इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ऊर्जा) ‘इ’. सगळे आकडे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये.

पायरी १ : कशात फुटणार, ते आधी ठरवा

‘हा आयन स्थिर आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘अमुक तुकड्यांत फुटायला किती ऊर्जा लागते?’ याला आहे. प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर आयनाच्या फुटण्याच्या सगळ्या वाटा लिहून काढा. तोंडी परीक्षेत मुलं अडकतात ती इथेच. आकडा पाठ असतो, पण तो कोणत्या वाटेचा, ते सांगता येत नाही.

लोहाचा आयन घ्या. तो लोह⁺ आणि ऑ असा फुटू शकतो, किंवा लोह आणि ऑ⁺ असा. धनभार कोणाकडे जाईल? ज्याची आयनीभवन ऊर्जा कमी, त्याच्याकडे. लोहाची ७.९० आणि ऑक्सिजन अणूची १३.६२, म्हणजे दुसरी वाट ५.७२ने महाग. धन आयनांत ही निवड बहुधा अशीच सरळ असते.

ऋण आयनांत निकष बदलतो. तिथे ज्याची इलेक्ट्रॉन आसक्ती जास्त, तो इलेक्ट्रॉन घेऊन जातो. ऑक्सिजन अणूची आसक्ती १.४६, लोहाची जेमतेम ०.१५. त्यामुळे लोहऑ⁻ची स्वस्त वाट लोह आणि ऑ⁻ ही आहे. लोह⁻ आणि ऑ ही वाट धरून बसलात तर बंध १.३१ने जास्त घट्ट असल्यासारखा दिसेल.

पायरी २ : एकक आणि शून्य

१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल, किंवा २३.०६ किलोकॅलरी प्रति मोल. तक्त्यात हा गुणक एकदाच एका चौकटीत ठेवा आणि तिथूनच वापरा.

तापमान कोणतं, तेही पाहा. काही आकडे ० केल्व्हिनचे असतात, काही २९८चे. द्विअणू बंधाला दोन्हींत साधारण ०.०४चा फरक पडतो. फरक छोटा आहे, पण आयनांच्या निर्मिती-ऊष्म्याच्या तक्त्यांत आणखी एक गोम असते: मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊष्मा शून्य धरायची की नाही. दोन संकेत चालतात आणि २९८ केल्व्हिनला त्यांच्यात ६.२ किलोज्यूलचा फरक पडतो. एका तक्त्यातला आयन आणि दुसऱ्या तक्त्यातला आयन एकत्र करण्याआधी तक्त्याच्या प्रस्तावनेतला तो परिच्छेद वाचा. आपण खाली वापरणार आहोत ती रीत आयनीभवन ऊर्जेवर चालते, तिथे ही भानगड येतच नाही.

आणि घन पदार्थाची निर्मिती-ऊष्मा इथे वापरू नका. अ‍ॅल्युमिनाची −१६७६ किलोज्यूल प्रति मोल ही संख्या स्फटिकातल्या असंख्य शेजाऱ्यांच्या ओढीची आहे. एकट्या आयनाला शेजारीच नाहीत.

पायरी ३ : चक्र बांधा

सगळी रीत हेसच्या नियमावर उभी आहे. बेळगावहून आंबोली घाटाने सावंतवाडीला उतरा, नाहीतर चोर्ला घाटाने गोव्यात उतरून मग सावंतवाडी गाठा, समुद्रसपाटीपासूनची उंची शेवटी तेवढीच कमी होते. तसंच धाऑ या उदासीन रेणूपासून धा⁺, ऑ आणि एक मोकळा इलेक्ट्रॉन इथे पोचायचे दोन मार्ग आहेत. एक, आधी बंध तोडा, मग धातूचा इलेक्ट्रॉन काढा. दुसरा, आधी रेणूचा इलेक्ट्रॉन काढा, मग आयनाचा बंध तोडा. दोन्हींची बेरीज सारखी, म्हणून:

ब(धा⁺–ऑ) = ब(धा–ऑ) + आ(धा) − आ(धाऑ)

अ‍ॅल्युमिनियमसाठी: ५.२७ + ५.९९ − ९.४६ = १.८०.

लोहासाठी: ४.१७ + ७.९० − ८.५६ = ३.५१.

टायटॅनियमसाठी: ६.८७ + ६.८३ − ६.८२ = ६.८८.

नुसते आकडे भरून थांबू नका. शेवटच्या दोन पदांचा फरक वेगळ्या रकान्यात काढा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. टायटॅनियममध्ये तो जवळजवळ शून्य. इलेक्ट्रॉन गेला तरी बंधाला फरक पडत नाही, याचा अर्थ गेलेला इलेक्ट्रॉन बंधात नव्हताच, तो धातूवर बाजूला बसलेला होता. व्हॅनेडियममध्ये (६.७५ आणि ७.२४) आयनाचा बंध उदासीन रेणूपेक्षा सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टने ढिला होतो. युरेनियममध्ये (६.१९ आणि ६.०३) उलटंच, आयन किंचित जास्त घट्ट, एकूण सुमारे ८.०. आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये तब्बल ३.४७ची घट.

ही घट का? अ‍ॅल्युमिनियम⁺च्या बाहेरच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन उरतात आणि ते जोडीने बंद असतात. ऑक्सिजनशी नीट बंध करायचा तर ती जोडी फोडावी लागते, आणि ते महाग पडतं. तांब्याचंही तसंच. तांबे⁺ची डी-उपकक्षा दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेली, त्यामुळे तांबेऑ⁺चा बंध १.२च्या आसपासच येतो.

आता अ‍ॅल्युमिनियमवर एक इलेक्ट्रॉन कमी करण्याऐवजी वाढवून पाहा. ऋण आयनाचं चक्र असं:

ब(धा–ऑ⁻) = ब(धा–ऑ) + इ(धाऑ) − इ(ऑ)

५.२७ + २.६० − १.४६ = ६.४१. म्हणजे धन १.८, उदासीन ५.३, ऋण ६.४. अणू तेच दोन, फरक फक्त इलेक्ट्रॉनांचा. ऋण आयनात बाहेरचे इलेक्ट्रॉन दहा होतात, कार्बन मोनॉक्साइडइतकेच, आणि कक्षा नेमक्या भरतात. प्रकल्पाला एकच आलेख काढायला मिळणार असेल तर मी हाच काढायला सांगेन.

चुकीची मर्यादा लिहायला विसरू नका. समजा रेणूच्या बंधात ±०.०४ आणि आयनीभवन ऊर्जेत ±०.०६ आहे. दोन्ही वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ±०.०७. सरळ बेरीज करून ±०.१० लिहिणं म्हणजे उगीच घाबरणं. आणि १.८०३४ असं चार दशांश स्थळांपर्यंत लिहिणं म्हणजे मापनाची थट्टा.

पायरी ४ : दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतं का?

चक्राचा खरा फायदा आकडा काढण्यात नाही, चुकीचा आकडा पकडण्यात आहे. लोहऑची आयनीभवन ऊर्जा जुन्या तक्त्यांत ८.९ अशी सापडते. ती घातली तर ब(लोह⁺–ऑ) ३.१७ येते. पण आयनशलाकेच्या (आयनांच्या झोताच्या) प्रयोगांतून हीच बंध ऊर्जा ३.५च्या आसपास मिळते. चक्र बंद होत नाही, म्हणजे कुठलीतरी एक संख्या नासकी आहे. पुढे २००५ साली लोहऑची आयनीभवन ऊर्जा निर्वात-अतिनील प्रकाशाने थेट मोजली तेव्हा ती ८.५६ निघाली आणि चक्र जुळलं. म्हणून प्रत्येक आयनासाठी दोन स्वतंत्र वाटा शोधा. एकाच मूळ मापनावर आधारलेले दोन तक्ते म्हणजे दोन वाटा नव्हेत.

दुसऱ्या वाटेचे दोन प्रकार तुम्हाला शोधनिबंधांत भेटतील.

पहिला, उंबरठा ऊर्जेचा. लोह⁺ची शलाका ऑक्सिजन वायूवर सोडतात आणि वेग वाढवत नेतात. लोहऑ⁺ दिसायला लागण्यासाठी ५.१२ − ३.५१ = १.६१ एवढी ऊर्जा टक्करीत मिळायला हवी. पण यंत्रावर दिसते ती प्रयोगशाळेच्या चौकटीतली ऊर्जा. तिचा सगळा भाग टक्करीला मिळत नाही, काही भाग जोडीला पुढे ढकलण्यात जातो. उपयोगी भाग काढायला तिला लक्ष्याच्या वस्तुमानाने गुणा आणि एकूण वस्तुमानाने भागा. लोह ५६, ऑक्सिजन ३२, म्हणून ३२/८८. १.६१ हवे असतील तर यंत्रावर सुमारे ४.४ दिसले पाहिजेत. लोहऑ⁺ (७२) थेट फोडायचा असेल तर लक्ष्य म्हणून आर्गॉन घेतल्यास सुमारे ९.८ लागतात, झेनॉन घेतल्यास ५.४. असे प्रयोग झेनॉनवर करतात त्यामागे हेही एक कारण आहे. निबंधातला आकडा कोणत्या चौकटीतला आहे ते न पाहता उचलला तर दुप्पट-तिप्पट चूक सहज होते.

इथे आणखी एक सापळा आहे. आयन तयार करताना तो उत्तेजित अवस्थेत राहिला असेल तर उंबरठा खोटाच खाली दिसतो. लोह⁺ची पहिली उत्तेजित अवस्था फक्त ०.२५ वर आहे, त्यामुळे ती शलाकेत सहज शिरते. निबंधात आयनस्रोताचं वर्णन वाचा. आयन थंड करायला वायूतून पुरेशा टक्करी दिल्या होत्या का, ते शोधा.

दुसरा प्रकार शिडीचा. ऑक्सिजन अणू देणाऱ्या रेणूंची एक चढती शिडी मांडा: नायट्रस ऑक्साइड १.६७, नायट्रोजन डायॉक्साइड ३.१२, ऑक्सिजन ५.१२, कार्बन डायॉक्साइड ५.४५, नायट्रिक ऑक्साइड ६.५०. खोलीच्या तापमानाला धा⁺ने ज्या पायरीवरून ऑक्सिजन उचलला, तिच्यापेक्षा ब(धा⁺–ऑ) मोठी. आणि धाऑ⁺ने कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन दिला, तर ती ५.४५पेक्षा लहान. लोह⁺ या दोन्ही कसोट्यांत बसतो. तो नायट्रस ऑक्साइडमधून ऑक्सिजन घेतो (१.८४ची कमाई) आणि कार्बन मोनॉक्साइडला देतो (१.९४ची कमाई). दोन विषारी-उपद्रवी वायू नायट्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड होऊन जातात, लोह⁺ मात्र जसाच्या तसा. केप्स आणि स्टॅली यांनी १९८१ साली हे उत्प्रेरक चक्र दाखवलं.

शिडी वापरताना एक बाजू पक्की आणि एक बाजू कच्ची, हे ध्यानात ठेवा. विक्रिया झाली, तर ऊर्जेबद्दल काहीतरी कळलं. झाली नाही, तर फार काही कळलं नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या बोहमे यांच्या गटाने २००५ साली नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडची हीच जोडी घेऊन १.६७ ते ५.४५ या खिडकीत बसणारे २६ धातू व इतर अणूंचे आयन तपासले. उत्प्रेरक म्हणून चालले फक्त १०: कॅल्शियम, लोह, जर्मेनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम, युरोपियम आणि यटर्बियम. बाकीच्या १६ना ऊर्जेने परवानगी दिली होती, पण गती इतकी मंद की काही घडत नाही. कुठे इलेक्ट्रॉनांची फिरकी (स्पिन) बदलावी लागते, कुठे मध्ये अडथळा असतो.

गती मंद आहे की नाही ते ठरवायला तुलनेचा आकडा हवा, आणि तो कॅल्क्युलेटरवर निघतो. लांजेव्हँच्या सूत्राप्रमाणे टक्करीचा दर = २.३४ × १०⁻⁹ × √(ध्रुवणीयता ÷ संक्षिप्त वस्तुमान), घन सेंमी प्रति सेकंद. नायट्रस ऑक्साइडची ध्रुवणीयता (इलेक्ट्रॉनांचा ढग किती सहज ताणला जातो ते) ३.०३ घन अँगस्ट्रॉम, लोह⁺सोबतचं संक्षिप्त वस्तुमान ५६ × ४४ ÷ १०० = २४.६. उत्तर ८.२ × १०⁻¹⁰. मोजलेला दर याच्या दहा टक्क्यांहूनही कमी आहे, म्हणजे ऊर्जेची एवढी कमाई असूनही दहातल्या नऊ टक्करी फुकट जातात. निबंधातल्या प्रत्येक दराला या संख्येने भागून रकाना करा. नुसत्या १०⁻¹¹ वगैरे घातांकांवरून काहीच उमगत नाही.

पायरी ५ : संगणकावर करायचं असेल तर

शैक्षणिक वापरासाठी फुकट मिळणारं ओर्कासारखं रेणूंच्या ऊर्जा काढणारं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर द्विअणू आयनांसाठी आरामात चालतं. अडचण सॉफ्टवेअरची नसते, फिरकीची असते. लोहऑ⁺ची तळाची अवस्था षट्क (पाच इलेक्ट्रॉन बिनजोडीचे) आहे, त्याच्या वर चतुष्क (तीन बिनजोडीचे). दोन्ही चालवा, बंधाची लांबी तपासा (षट्कात १.६४ अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवी) आणि फिरकीच्या वर्गाची सरासरी पाहा: षट्कासाठी ८.७५, चतुष्कासाठी ३.७५. ती बरीच वर गेली असेल तर मिळालेली अवस्था भेसळीची आहे.

रेणूच्या आधी नुसता धातूचा आयन तपासा. लोह⁺ची तळाची अवस्था षट्क आहे हे प्रयोगाने ठाऊक आहे. बी३एलवायपीसारख्या लोकप्रिय गणनपद्धती मात्र चतुष्काला खाली दाखवतात. ज्या पद्धतीला एकटा अणू जमत नाही, तिने दिलेल्या बंध ऊर्जेवर विसंबू नये. शून्यबिंदू ऊर्जा (० केल्व्हिनलाही रेणूत उरणारी कंपनांची ऊर्जा) वजा करा. लोहऑ⁺साठी ती ०.०५ आहे. छोटी वाटते, पण ० केल्व्हिनच्या प्रायोगिक आकड्याशी तुलना करायची तर हवीच.

पायरी ६ : दोन ऑक्सिजन आले की

डायॉक्साइड आयनाला दोन वाटा असतात. एक ऑक्सिजन अणू सोडा, किंवा दोन्ही मिळून ऑक्सिजनचा रेणू सोडा. कुठली स्वस्त? थोडं बीजगणित करा. पहिली वाट म्हणजे ब(ऑधा⁺–ऑ). दुसरी म्हणजे ब(ऑधा⁺–ऑ) + ब(धा⁺–ऑ) − ५.१२. दोन्हींत पहिलं पद सारखंच, ते उडतं. उरतं इतकंच: मोनॉक्साइड आयनाचा बंध ५.१२पेक्षा लहान असेल तर रेणू सोडणं स्वस्त, मोठा असेल तर अणू सोडणं स्वस्त. डायॉक्साइडचा स्वतःचा आकडा माहीत नसतानाही हा निकाल लागतो, आणि मला तो फार आवडतो.

लोह ३.५१: रेणू सोडणं १.६ने स्वस्त. अ‍ॅल्युमिनियम १.८०: ३.३ने. टायटॅनियम ६.८८: अणू सोडणं पावणेदोनने स्वस्त. युरेनियमबद्दल विचारायलाच नको.

मात्र स्वस्त वाट आणि प्रत्यक्ष दिसणारी वाट एकच असेल असं नाही. धातूच्या दोन बाजूंना बसलेल्या ऑक्सिजनांना आधी जवळ येऊन जोडी जुळवावी लागते आणि त्याला अडथळा असू शकतो. शिवाय लोहऑ₂⁺ दोन रूपांत असतो: दोन्ही ऑक्सिजन सुटे, किंवा अखंड ऑक्सिजन रेणू लोहाला नुसता चिकटलेला. दुसऱ्या रूपातून रेणू सहज सुटतो. वस्तुमान दोघांचं सारखंच, त्यामुळे शिखर पाहून फरक कळत नाही.

ऋण बाजूला ऑक्सिजन वाढवत गेलं की उलट दिशेची गंमत दिसते. पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन केलेल्या प्रत्येकाने मँगनीजऑ₄⁻ पाहिलेला आहे. वायुरूपात त्याचा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.८ लागतात. क्लोराइडचा काढायला ३.६१ पुरतात, आणि क्लोरीनची आसक्ती सगळ्या मूलद्रव्यांत जास्त.

पायरी ७ : हे आकडे लावायचे कुठे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतीव लोखंड तपासायला ठिणगीचं वर्णपटयंत्र असतं. ते प्रकाश मोजतं, आयनांचं वस्तुमान नाही, तिथे याचा संबंध येत नाही. पण माती, पाणी किंवा जांभ्याचा नमुना आर्गॉन प्लाझ्माच्या वस्तुमान वर्णपटमापकाकडे पाठवलात तर अहवाल वाचताना हा तक्ता शेजारी ठेवा. घट्ट बंधाच्या धातूंचे काही आयन प्लाझ्मातूनही ऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि १६ने जड जागी दिसतात. सेरियमचा (१४०) ऑक्साइड १५६वर येतो, नेमका गॅडोलिनियमच्या एका समस्थानिकाच्या जागी. सेरियम भरपूर आणि गॅडोलिनियम थोडं अशा नमुन्यात ही चूक मोठी होते. म्हणूनच यंत्र जुळवताना सेरियम ऑक्साइडचं सेरियमशी प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत आणतात. थोरियम, युरेनियम याच जातीचे. तांब्याच्या बाबतीत ही काळजी जवळजवळ नाही, आणि का नाही ते तिसऱ्या पायरीत आलंच. लोहाच्या ५६ या वस्तुमानाच्या जागी होणारा त्रास मात्र लोहाच्या ऑक्साइडचा नाही. तिथे आर्गॉन (४०) आणि ऑक्सिजन (१६) जोडीने येऊन बसतात.

तक्त्यात आणखी एक रकाना घाला: ब(धा⁺–ऑ) वजा आ(धा). बहुतेक धातूंत तो ऋण येतो. जिथे धन येतो, तिथे उदासीन धातू अणू आणि ऑक्सिजन अणू नुसते भेटले तरी आयन आणि मोकळा इलेक्ट्रॉन तयार होऊ शकतो, बाहेरून ऊर्जा न देता. सॅमॅरियममध्ये हा फरक जेमतेम ०.०८ आहे (बंध ५.७२, आयनीभवन ५.६४), तरी त्याच्या भरवशावर वरच्या वातावरणात सॅमॅरियमची वाफ सोडून कृत्रिम आयनढग तयार करायचे प्रयोग झाले. टायटॅनियममध्ये तो ०.०५, युरेनियममध्ये १.८. तुमच्या तक्त्यात एखाद्या धातूचा हा फरक ±०.१च्या आत आला, तर चिन्ह धन की ऋण हे लिहिण्याआधी चौथ्या पायरीवर परत जा आणि त्या धातूसाठी दुसरी स्वतंत्र वाट शोधा. ती सापडेपर्यंत त्या रकान्यात चिन्ह न लिहिता नुसती मर्यादा लिहा.